‘डिस्कस’ म्हटलं की वर्ग गप्प: तोंडी कामाच्या सूचनांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

वर्ग माध्यमिक. मुलं तेरा-चौदा वर्षांची, संख्या चाळिशीच्या आसपास, घरची भाषा मराठी आणि इंग्रजी एक विषय म्हणून शिकणारी. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषा-आराखड्यात ‘ए-टू’ नावाची पातळी आहे. साधी, रोजच्या गरजेची देवाणघेवाण जमते, पण लांबलेलं संभाषण स्वतःच्या बळावर पुढे नेता येत नाही, अशी ती पातळी. बहुतेक मुलं तिच्या आगेमागे होती. शिक्षिका अनुभवी आणि त्यांचं इंग्रजी सफाईदार. तासाची तयारी नीट, चित्रं आणि कार्डं स्वतः बनवलेली. मी त्यांच्या विनंतीवरून काही आठवडे मागच्या बाकावर निरीक्षक म्हणून बसत होते. कुणाची ओळख पटू नये म्हणून प्रसंगांचे काही तपशील बदलले आहेत.

शिक्षिकेचं म्हणणं असं होतं: “वाचतात, लिहितात, प्रश्नोत्तरं पाठ करतात. पण जोडीत बोला म्हटलं की वर्ग बसून राहतो.” त्यांच्या मते कारणं दोन, लाजाळूपणा आणि तोकडा शब्दसंग्रह. दोन्हींत तथ्य होतं. पण तीच मुलं पाठातल्या प्रश्नांची उत्तरं उभं राहून, भर वर्गात, मोठ्याने देत होती. लाज एवढी आडवी येत असती तर ती तिथेही आली असती. म्हणून पहिला निर्णय असा झाला की मुलांकडे बघण्याआधी सूचनांकडे बघायचं. शिक्षिकेने स्वतःचाच तास फोनवर ध्वनिमुद्रित केला आणि आम्ही त्यातल्या फक्त सूचना शब्दशः उतरवून काढल्या. बाकी तास सोडून दिला.

नेमकं कुठे अडत होतं

रेल्वे स्थानकाचं एक चित्र प्रत्येक बाकावर दिलेलं होतं. सूचना अशी होती: “ओके, नाऊ लुक ॲट द पिक्चर अँड आय वुड लाइक यू टू डिस्कस अबाउट इट विथ युवर पार्टनर, यू कॅन टॉक अबाउट व्हॉट इज हॅपनिंग, शेअर युवर व्ह्यूज, ओके? एनी क्वेश्चन्स? स्टार्ट.”

माझ्या जवळच्या बाकावर दोन मुली होत्या. एकीने लगेच वही उघडली, तारीख घातली, समास आखला आणि लिहिलं, ‘धिस इज अ रेल्वे स्टेशन’. दुसरीने ते बघून उतरवून घेतलं. थोड्या वेळात दोघींच्या वहीत चार-चार वाक्यं होती, सुवाच्य आणि बिनचूक. इंग्रजीतला एकही शब्द तोंडातून निघाला नव्हता. शिक्षिका फिरत फिरत जवळ आल्या आणि त्यांनी सौम्यपणे विचारलं, “व्हाय आर यू नॉट टॉकिंग?” पहिली मुलगी चटकन उभी राहिली आणि म्हणाली, “नो टॉकिंग, मॅडम.” आपण बोलत नव्हतो, याची ती खात्री देत होती.

तिच्या बाजूने विचार केला तर तिचं काहीच चुकलं नव्हतं. उतरवलेल्या सूचनांच्या कागदावर ‘टॉक’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता आणि बहुतेक वेळा तो दटावणीचा होता: “डोन्ट टॉक”, “हू इज टॉकिंग देअर?”, “स्टॉप टॉकिंग”. दिवसभर ज्या शब्दाचा अर्थ गप्प बसा असा होतो, तोच मग एका तासात काम म्हणून दिला जातो. मुलांनी कोणता अर्थ धरावा? जो जास्त वेळा आणि जास्त जोरात कानावर पडलाय तोच ती धरतात.

दुसरी अडचण त्याच सूचनेत होती. एका दमात तीन क्रियापदं: डिस्कस, टॉक, शेअर. शिक्षिकेच्या मनात ती एकच गोष्ट होती; समजावं म्हणून त्या वेगवेगळ्या शब्दांत सांगत होत्या. ऐकणाऱ्याला मात्र तीन कामं ऐकू येतात आणि त्यातलं आधी कोणतं करायचं हे कळत नाही. प्रवाही इंग्रजी बोलणाऱ्या शिक्षकांकडून हे जास्त होतं, कारण समानार्थी शब्द त्यांना सहज सुचतात.

तिसरी अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘डिस्कस’ या कामाला शेवटच नव्हता. चर्चा कधी झाली म्हणायची? किती वाक्यांनंतर? दोघांचं एकमत झालं की? मुलांना ‘डिस्कस’चा अर्थ ठाऊक होता. विचारल्यावर त्यांनी ‘चर्चा करणे’ असं लगेच सांगितलं. अर्थ ठाऊक होता, काम ठाऊक नव्हतं. शिवाय चित्र दोघींना सारखंच दिसत होतं. जे समोरच्याला दिसतंच आहे ते त्याला सांगण्याची गरजच पडत नाही. मग ज्या कामाचा शेवट त्यांना माहीत होता, ते त्यांनी केलं. लिहिण्याला शेवट असतो.

आणखी एक छोटी बाब. शिक्षिका आदबीने बोलत. “वुड यू लाइक टू टेल अस अबाउट युवर पिक्चर?” यावर एका मुलाने खाली बघत “नो” म्हटलं. प्रश्नाला उत्तर मिळालं होतं, पण शिक्षिकेला तो आडमुठेपणा वाटला. त्या पातळीवर ‘कॅन यू’, ‘वुड यू’ या आदबीच्या विनंत्या प्रश्न म्हणूनच ऐकल्या जातात.

कोणते पर्याय समोर होते

सर्वात सोपा पर्याय म्हणजे सूचना सरळ मराठीत द्यायच्या. याला मी हलक्यात घेत नाही. गुंतागुंतीचं काम असेल तर दोन मराठी वाक्यं पाच मिनिटांचा गोंधळ वाचवतात. विरोधी बाजू अशी की, या वर्गात इंग्रजीचा खराखुरा वापर जवळपास सूचनांपुरताच होत होता. पाठातलं इंग्रजी अभ्यासासाठी असतं. सूचना ऐकली नाही तर पुढचं काही करताच येत नाही, म्हणून मूल ती कान देऊन ऐकतं. ऐकण्याचा इतका चांगला सराव हातचा घालवायला शिक्षिका तयार नव्हत्या. मलाही ते पटलं. तेव्हा मराठी राखून ठेवायची आणि सूचना कळली का हे तपासायला वापरायची, असं ठरलं.

दुसरा पर्याय होता पुस्तकातले शब्द तसेच ठेवून त्यांचे अर्थ पुन्हा शिकवायचे. तो लवकर मागे पडला, कारण अर्थ मुलांना येतच होते. तिसरा, फळ्यावर चिन्हं लावायची: तोंड, कान, पेन. तो पूरक म्हणून घेतला.

निवडला तो चौथा. मोजकी क्रियापदं घ्यायची, प्रत्येकाचं काम पक्कं करायचं आणि ते शब्दांनी समजावून न सांगता करून दाखवायचं. इथे आयेल्ट्स या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतल्या तोंडी परीक्षेचं उदाहरण शिक्षिकेलाच आठवलं. तिच्या दुसऱ्या भागात उमेदवाराला कार्ड मिळतं, तयारीला एक मिनिट आणि बोलायला एक ते दोन मिनिटं. कार्डावरची भाषा ठरीव असते: वर ‘डिस्क्राइब’, खाली ‘यू शुड से’ आणि मुद्दे, शेवटी ‘एक्स्प्लेन’. क्रियापदागणिक मागणी बदलते आणि परीक्षकाचे सूचनेचे शब्दही आधीच ठरलेले असतात. सूचना आयत्या वेळी सुचेल तशी द्यायची नसते, एवढं आम्ही त्यावरून घेतलं.

शब्द कसे ठरले

निवडीची कसोटी एकच ठेवली: इंग्रजी न येणारा माणूस दारात उभा राहिला तर हे काम झालं की नाही हे त्याला ओळखता येईल का? येत असेल तर शब्द ठेवायचा. नसेल तर त्याला काहीतरी जोडायचं किंवा तो सोडायचा.

‘से’ ठेवला, पण ठरलेले शब्द जसेच्या तसे उच्चारण्यापुरता. “से द नंबर”, “से इट अगेन”. सगळ्या वर्गाने मिळून म्हणायचं असेल तर ‘रिपीट’. मराठीत आपण ‘म्हण’ आणि ‘सांग’ हा भेद चोख पाळतो, त्यामुळे से आणि टेल वेगळे करताना मुलांना तोच आधार दिला. म्हणायचं ते से, कुणाला तरी सांगायचं ते टेल. मात्र आपला ‘सांग’ फार ऐसपैस आहे. वर्णन सांग, कारण सांग, गोष्ट सांग, उत्तर सांग, सगळं त्यात बसतं. म्हणून ‘टेल’ एकटा वापरायचा नाही, असा नियम केला. कुणाला आणि काय, दोन्ही सोबत हवंच: “टेल युवर पार्टनर थ्री थिंग्ज अबाउट युवर मॉर्निंग.” तीन गोष्टी झाल्या की काम संपलं.

‘आस्क’ला अडचण नव्हती. ‘फाइंड आउट’ मात्र नवा शब्द होता, पुस्तकात फारसा न येणारा, आणि शिक्षिकेला तो मुलांसाठी अवघड वाटत होता. ‘टॉक अबाउट’ सोपा, मग हा कशाला? यावर आमचं बरंच बोलणं झालं. माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे की सोपा शब्द आणि स्पष्ट शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘टॉक’ कुणालाही येतो, पण त्यातून काय करायचं ते कळत नाही. ‘फाइंड आउट’ एकदा शिकवावा लागतो, पण नंतर त्यात सगळं येतं: मला माहीत नाही, तुला माहीत आहे, विचारून काढायचं, मिळालं की थांबायचं. एखादा शब्द शिकवायला दहा मिनिटं गेली आणि पुढे तो वर्षभर वापरता आला, तर तो अवघड कसा?

‘स्पीक’ जवळजवळ सोडला. “स्पीक इन इंग्लिश” आणि “स्पीक अप” एवढ्यापुरताच उरला. ‘शेअर’ पूर्ण सोडला, कारण मुलं त्या शब्दावर पेन-रबर एकमेकांना देत. वस्तू वाटून घेण्याचा त्याचा अर्थ त्यांना पक्का होता.

राहिला ‘टॉक’. शिक्षिकेचं मत होतं की तो बिघडलेला आहे, तर टाकून द्यावा. मला उलट वाटत होतं. इतका रोजचा शब्द मुलांना बाहेर ठिकठिकाणी भेटणार, त्याला वर्गात ‘गप्प बसा’ असा अर्थ देऊन पाठवणं बरोबर नव्हे. त्यापेक्षा दटावणीतून तो काढून टाकावा. गप्प करायला “क्वाएट, प्लीज” आहे, “लिसन” आहे. शेवटी तसंच ठरलं: दटावताना ‘टॉक’ अजिबात वापरायचा नाही. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सगळ्या बदलांत हाच शिक्षिकेला सर्वात जड गेला. कामाच्या सूचना आदल्या दिवशी लिहून ठेवता येतात. रागावणं आधी लिहून ठेवता येत नाही.

याच बैठकीत सूचनांचं व्याकरणही तपासलं. ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘एक्स्प्लेन मी’ ही दोन रूपं ध्वनिमुद्रणात सापडली. डिस्कसला अबाउट लागत नाही. एक्स्प्लेननंतर व्यक्ती आली तर ‘टू’ लागतो. आपण ‘त्याबद्दल चर्चा करा’, ‘मला समजावून सांग’ म्हणतो, त्यातून ही रूपं येतात. पुस्तकातलं वाक्य मूल एकदा वाचतं, सूचनेतलं रोज ऐकतं. त्यामुळे तिथली चूक जास्त पक्की बसते. म्हणून सूचनेच्या वाक्याची भाषाही पाठाइतकीच तपासायला हवी, असं मी आग्रहाने म्हणेन.

प्रत्यक्षात काय केलं

चित्राचं काम पुन्हा घेतलं, पण आता जोडीतल्या दोघांना किंचित वेगळी चित्रं. सूचना आदल्या दिवशी लिहून काढलेली:

“वर्क इन पेअर्स. यू आर ए. यू आर बी. डोन्ट शो युवर पिक्चर. आस्क क्वेश्चन्स. फाइंड फाइव्ह डिफरन्सेस.”

प्रत्येक वाक्यात एकच काम आणि प्रत्येकानंतर थांबायचं. एका मुलाला पुढे बोलावून शिक्षिकेने स्वतः एक फरक शोधून दाखवला: “इज देअर अ क्लॉक इन युवर पिक्चर?” “येस.” “नो क्लॉक इन माय पिक्चर. वन डिफरन्स.” मग तपासणीचे प्रश्न. “अंडरस्टूड?” हा प्रश्न बंद, कारण त्यावर सगळा वर्ग एकसुरात ‘येस’ म्हणतो आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी, “रायटिंग ऑर स्पीकिंग?”, “कॅन बी सी युवर पिक्चर?”, “हाऊ मेनी डिफरन्सेस?” आणि मागच्या बाकावरच्या एकाला मराठीत, “काय करायचंय रे?” चित्रं सगळ्यात शेवटी वाटली. हातात कागद आला की कान बंद होतात.

थांबण्याबद्दल दोन शब्द. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांवर केलेल्या कामात दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांबतात आणि जास्त जण बोलतात. तो अभ्यास प्रश्नांचा, पण सूचनांनाही तो लागू पडावा असं आम्हाला वाटलं. शिक्षिका जे समानार्थी शब्द ओतत होत्या, ते मुख्यतः त्या शांततेत ओतत होत्या. थांबायला लागल्यावर ते आपोआप कमी झाले.

मध्येच आलेली दोन वळणं

‘टेल युवर पार्टनर’ पहिल्यांदा चाललं आणि मग वेगळ्याच रीतीने बिघडलं. मुलं तीन गोष्टी पाठ करून धडाधड म्हणून टाकू लागली आणि जोडीदार आपली पाळी येईपर्यंत पुटपुटत स्वतःच्या तीन गोष्टी घोकत राहिला. बोलणं होत होतं, ऐकणं शून्य. २००१ च्या त्याच आराखड्यात एकट्याने बोलणं आणि दोघांनी मिळून संवाद करणं ही दोन वेगळी कौशल्यं मांडली आहेत. आम्ही संवाद मागत होतो आणि सूचना एकट्याच्या बोलण्याची देत होतो. इथे ‘टेल’ काढून टाकायचा की ऐकणाऱ्याला काम द्यायचं, हा प्रश्न आला. दुसरं निवडलं. सूचनेत एक वाक्य वाढवलं: “पार्टनर, आस्क वन मोअर क्वेश्चन.” आणि वर्गासमोर बोलायचं ते जोडीदाराबद्दल, स्वतःबद्दल नाही. ऐकलं नाही तर सांगायला काही उरतच नाही. पाठांतर त्या आठवड्यात बरंच ओसरलं.

दुसरं वळण जास्त गंभीर होतं. एका पालकांनी रास्त प्रश्न विचारला की परीक्षेत ‘डिस्कस’, ‘डिस्क्राइब’, ‘एक्स्प्लेन’ हेच शब्द येणार, मग वर्गातून ते घालवून कसं चालेल? शिक्षिका अस्वस्थ झाल्या आणि जुन्या सूचनांकडे परत जायचा विचार करू लागल्या. आम्ही वेगळी वाट घेतली. मोठे शब्द परत आणायचे, पण प्रत्येकाच्या पाठीमागे मुलांना आता येत असलेलं काम बांधून. “डिस्कस द थ्री प्लॅन्स. चूज वन. टेल मी व्हाय.” आता ‘डिस्कस’ला शेवट आला: एक निवडणं आणि कारण देणं. ‘डिस्क्राइब’साठी ऐकणाऱ्याने वर्णन ऐकून चित्र काढायचं. ‘एक्स्प्लेन’ म्हटलं की उत्तरात ‘बिकॉज’ किंवा ‘सो’ आलंच पाहिजे. काही आठवड्यांनी मागची दोन वाक्यं गाळून नुसतं “डिस्कस द थ्री प्लॅन्स” म्हटलं, तेव्हा बऱ्याच जोड्यांनी आपणहून एक योजना निवडली.

परिणाम

सगळ्यात ठळक फरक सुरुवातीच्या क्षणात दिसला. “स्टार्ट” म्हटल्यावर इकडेतिकडे बघणं, शेजारच्याला “काय करायचंय?” विचारणं, वही उघडणं, हे सगळं कमी झालं. वर्ग गलबला करू लागला आणि शिक्षिकेला तो गलबला सहन करायला शिकावं लागलं. मुलं शिक्षिकेचेच शब्द एकमेकांवर वापरू लागली. “आस्क वन मोअर क्वेश्चन” असं एक मुलगा जोडीदाराला दटावताना मी ऐकलं. सूचनांमधून भाषा आत जाते, याचा याहून चांगला पुरावा मला नको.

जे बदललं नाही तेही सांगायला हवं. वाक्यरचनेतल्या चुका तशाच राहिल्या. फरक शोधण्याच्या कामात काही जोड्या “इज देअर”च्या एकाच साच्यात शेवटपर्यंत अडकून राहिल्या, कारण काम तेवढ्यात भागत होतं. नेमकी सूचना दिली की मुलं तेवढंच नेमकं करतात, ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे. आणि चार-पाच मुलं सूचना पूर्ण कळूनही बोलली नाहीत. त्यांच्यासाठी शिक्षिकेचं पहिलं कारणच खरं होतं. तिथे उपाय शब्दांचा नव्हता, त्यांना आधी विश्वासाच्या जोडीदाराजवळ बसवण्याचा होता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, मुलांना आधीच विचारता आलं असतं. सूचनेचे शब्द आम्ही दोघींनी ठरवले. त्या रेल्वे स्थानकाच्या तासानंतर लगेच “काय करायचं होतं असं वाटलं?” एवढं चार-पाच मुलांना मराठीत विचारलं असतं, तर ‘टॉक’ आणि ‘शेअर’ची भानगड ध्वनिमुद्रण उतरवण्याआधीच कळली असती.

दुसरी, परीक्षेच्या शब्दांचा प्रश्न पालकांनी काढेपर्यंत थांबायला नको होतं. शब्दांची यादी करतानाच कोणता शब्द कधी परत येणार हे तिच्यात लिहिता येतं, आणि तसं असतं तर शिक्षिकेचा तो अस्वस्थ आठवडा टळला असता.

तिसरी, सैल सूचना लवकर द्यायला हव्या होत्या. पाच फरक, तीन गोष्टी, एक प्रश्न, ही आकड्यांची चौकट सुरुवातीला लागते, पण जी मुलं त्यापलीकडे जाऊ शकतात त्यांना ती बांधून ठेवते. त्याच वर्गात काही जोड्यांना “फाइंड फाइव्ह” आणि काहींना “फाइंड ॲज मेनी ॲज यू कॅन” असं वेगळं कार्ड देणं शक्य होतं. शिक्षिका हे पुढच्या सत्रात करून बघणार आहेत. यादी त्यांनी इतर विषय शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनाही दिली आहे, कारण “डोन्ट टॉक” इंग्रजीच्या तासातून गेला तरी बाकीच्या तासांत तो अजून आहे.